पाऊण तासाचं अंतर

कुणाच्या दारात तिरडीचे बांबू उतरताना दिसले की ते प्रकरण अजून जसंच्या तसं समोर उभं राहतं. तेव्हा मी कोळवण खोऱ्यातल्या एका वाडीची पोलीस पाटील होते. गावात संशयास्पद मृत्यू झाला तर ठाण्याला कळवणं हे माझं काम.

एक म्हातारा गेला होता. सांभाळणारा पुतण्या सांगत होता, झोपेतच गेला. एकुलती लेक फौजी नवऱ्याबरोबर लांब डोंगरात राहायची. लेकीला तोंड दाखवल्याशिवाय बापाला उचलत नाहीत, म्हणून लोक खोळंबले होते.

शेजारीण माझ्या कानाशी लागली. "वैनी, म्हाताऱ्यानं जन्मात फेटा बांधला न्हाई. आज कपाळापातूर कुनी बांधला?"

नुसत्या संशयावर मयत अडवायचा मला धीर होईना.

तेवढ्यात पुतण्यानं सगळ्यांसमोर मोबाइल धरला. लेकीच्या गावाजवळ एक लहान विमानतळ, डोंगरापलीकडं दुसरं. मध्ये सरळ रेघ आणि खाली उड्डाणाची वेळ, पाऊण तास.

"तितनं दिल्लीचं इमान मिळतंय. पहाटंच कळवलंय. यायचं असतं तर आली असती. उचला आता."

"बापापरीस संसार ग्वाड," कुणीतरी टोमणा मारला. माणसं उठली.

"थांबा," मी म्हणाले. लेकीचा नंबर लावला, आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा केला आणि पाऊण तासाच्या त्या विमानाचं तिला विचारलं.

"काकी, त्या दोन गावांत इमानच न्हाई," ती जीपमधून रडत बोलत होती. "मोबाइल नुसती रेघ मोजतोय. आमी घाट उतरतुया, उद्या पोचते. चुलत दादा म्हनला, लई लांब हाय, येऊ नगं. न्हाणीत पडून बाबांचं डोकं फुटलं म्हनं. मला तोंड बघू द्या."

मी दारातच बसले आणि ठाण्याला फोन केला. फौजदार येईपर्यंत मयताला कुणालाही हात लावू दिला नाही. पंचनाम्यात फेटा सोडला. डोक्यामागं खोल जखम होती.

फौजदारांसमोर मीच पुतण्याला विचारलं, "चुलता कुटं गेला?"

"अंथरुणात."

"मग न्हाणीत कोन पडलं?"

त्यानं हात जोडले. "ढकललं. मारायचं नव्हतं, काकी. लेकीला इचारल्याबिगर जमीन इकणार न्हाई म्हनला."

शवविच्छेदनानंतर मयत शवागारात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सांजेला लेक आली आणि तिनं बापाच्या तोंडात पाणी घातलं.

पुतण्यानं एकच वाट आम्हाला जवळची सांगितली आणि तिला लांबची. आमचं आणि तिचं बोलणं होणार नाही, यावर त्याची सारी भिस्त होती. तेव्हापासून अमका येणार नाही असं कुणी सांगितलं, की मी सांगणाऱ्याचं ऐकून घेते आणि येणाऱ्याला फोन लावते.