पाचवी बांगडी

भिंतीला कान असतात हे सांगणारे सबंध भंडारा जिल्ह्यात हजार भेटतील. पण भिंतीला तोंडही असतं आणि ती बोलेल तेव्हा आपण ऐकायला हजर असावं, असं मानणारा माणूस एकच, आणि तो माझ्या नशिबानं माझा सासरा आहे. आमच्या गावात तळ्याच्या पाळीलगत जुन्या राजवटीतली एक कोठी आहे. तिच्यात सरकारी वस्तुसंग्रहालय भरतं, म्हणजे चार तलवारी, नाणी, शिलालेख आणि नाक नसलेल्या बऱ्याच मूर्ती. मी तिथे कारकून, आणि मामाजी, म्हणजे हे सासरे, देखभालीला. कागदावर त्यांचं पद मजुराचं होतं, पण रुबाब असा की नवीन येणारे साहेब पहिला नमस्कार त्यांनाच ठोकत आणि मग चूक लक्षात आल्यावर उगाच खोकत.

कोठीला ते 'बुढी' म्हणत. आमच्याकडे म्हाताऱ्या आईलाही बुढीच म्हणतात, त्यामुळे घोटाळे व्हायचे. एकदा मंजूर झालेली रजा त्यांनी परत केली. अर्जात कारण होतं, 'बुढीला ताप आहे, सबब कामावर हजर राहू द्यावे.' आई आजारी असताना रजा परत करणारा हा कसला मुलगा, असं जिल्ह्याच्या साहेबांनी फोन करून विचारलं. ताप म्हणजे मागच्या दालनातली ओल, हे समजावताना माझी पुरेवाट झाली.

त्या कोठीत खिळा ठोकणं हा त्यांच्या लेखी खुनाचा प्रयत्न होता. मी नोकरीला लागलो त्याच आठवड्यात कॅलेंडर टांगायला एक खिळा ठोकला आणि महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. पुढे मी त्यांच्याकडून चुना मागून घेऊन ते भोक बुजवलं, तेव्हा बोलले, आणि पहिलंच वाक्य माझ्या लग्नाबद्दल होतं. सिमेंटचा तर त्यांना इतका तिटकारा की पोतं शेजारून गेलं तरी नाकाला रुमाल लावत. दुरुस्ती करायची ती चुन्यानं, आणि चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी. गूळ अर्थातच सासूबाईंच्या डब्यातला. दिवाळसणाला जावई म्हणून गेलो तर अनारशांचा पत्ता नाही. ते पाहुण्यांच्या आधी पश्चिमेच्या भिंतीनं खाल्ले होते. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला आणि खात्याच्या सामानाची वाटणी निघाली, तेव्हा आमची लांब शिडी तिकडच्या यादीत गेली. ट्रक आला त्या दिवशी मामाजी सकाळी शिडीनं छपरावर चढले ते संध्याकाळपर्यंत कवेलू, म्हणजे कौलं, बदलत बसले. वर माणूस असताना शिडी न्यायची कशी, म्हणून ट्रक तसाच गेला. ती शिडी आजही भंडारा जिल्ह्यात आहे.

पण त्यांची खरी विद्या बांगड्यांची. भिंतीला भेग दिसली की तिच्या दोन्ही काठांवर ते चुन्याचा गोळा लावायचे आणि मध्ये काचेच्या बांगडीचा तुकडा आडवा बसवायचे. भिंत केसभर सरकली तरी काच तुटणार. अशा बारा भेगांवर बारा तुकडे होते, आणि रोज सकाळी ते एकेक पाहून वहीत नोंद करत. तुकडे सासूबाईंच्या जुन्या बांगड्यांचे. त्यांनी एकच अट घातली होती: माझ्या बांगडीबद्दल 'फुटली' असा अशुभ शब्द लिहायचा नाही, चारचौघी म्हणतात तसं 'वाढली' लिहायचं. मामाजींनी ती अट सरकारी वहीतही पाळली.

त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना वरून पत्र आलं. इंजिनियर येऊन कोठी तपासणार, आणि ती धोक्याची ठरली तर संग्रहालय नव्या इमारतीत हलवून कोठी पाडणार. मामाजींचं जेवण सुटलं. आले ते इंजिनियर साहेब परप्रांतातले, मराठी पुस्तकावरून शिकलेले. त्यांनी सगळ्या भेगा नुसत्या लांबून पाहिल्या आणि टेबलाशी बसून वही उघडली. पानामागून पान 'बारा शाबूत, बारा शाबूत', आणि शेवटच्या पानावर 'पाचवी बांगडी वाढली'. साहेब खुश झाले. "वाढली, म्हणजे अजून एक लावली. अच्छा काम है," म्हणाले आणि सही करायला पेन उघडलं.

मला अर्थ कळला होता. मी खाली मान घालून उभा राहिलो आणि मनात म्हटलं, मामाजी, आयुष्यात एकदा गप्प बसा. सही झाली की कोठी वाचणार होती.

"साहेब, थांबा," मामाजी म्हणाले. "वाढली म्हंजे फुटली. आमच्यात तसं म्हणतेत. पाचवी भेग सरकून राहिली."

साहेबांनी पेन मिटलं. मग ही इमारत धोक्याची झाली, असं ते म्हणाले. मामाजी तरी थांबले नाहीत. "मी आठ दिवस लाखांदूरले लग्नात होतो. तेवढ्यात पन्हाळी चोंदली, पाणी पायव्यात गेलं. चूक माही आहे, बुढीची नाही. बाकीच्या अकरा पाहून घ्या, मंग काय लिहायचं ते लिहा."

आणि साहेब उठले. आधी लांबून पाहिलेल्या भेगांपाशी या वेळी स्वतः शिडी लावून चढले, एकेका काचेवर बोट फिरवलं. दुपारची जेवणं राहून गेली. महिन्याभरानं अहवाल आला: एका कोपऱ्याचा पाया दुरुस्त करावा, तोही चुन्यात, बाकी इमारत भक्कम, जागेवरील कर्मचाऱ्याची नोंदवही विश्वासार्ह. मामाजींनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि विश्वासार्ह म्हणजे काय, ते विचारलं. मी म्हटलं, तुम्ही लिहिलं की दुसऱ्यानं तपासायची गरज नाही. त्यावर ते उठून पन्हाळी साफ करायला गेले. त्या दिवशी मला आपण या माणसाचे जावई असल्याचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा लग्नाच्या मांडवातही वाटला नव्हता. आणि आपण मान खाली घातली होती याची लाजही वाटली.

आता ते निवृत्त होऊन साकोलीला मुलाकडे राहतात. गुडघे गेले, एसटीची पायरी चढवत नाही. तिकडे पाऊस लागला की त्यांचा फोन येतो. लेकीची, नातवंडांची चौकशी नंतर. आधी, मागच्या दालनात पाचव्या भेगेपाशी ओल आहे का? कोठीतल्या माझ्या टेबलाशी बसल्या बसल्या 'नाही' म्हणून टाकणं सोपं आहे, आणि त्यांना ते कधी कळणारही नाही. पण मी म्हणतो, थांबा मामाजी, फोन चालू ठेवा. मग उठतो, मागच्या दालनात जातो, भिंतीला हात लावून पाहतो आणि मगच सांगतो.