चिंचेनं घासलेलं हेलिकॉप्टर

लखनऊच्या निशातगंज बाजारात आमच्या रमाकांत बोंद्रेंना ‘कर्नल साहब’ म्हणतात. हे कर्नलपद त्यांना एका भाजीवाल्यानं बहाल केलं. बोंद्रे मूळचे कागलचे, मिशा भरघोस आणि आवाज मिशांना शोभेल असा. टोमॅटो दाबून बघताना भाजीवाल्यानं विचारलं, “साहब, फौज में थे क्या?” बोंद्रेंनी मिशीवरून हात फिरवला आणि “बस, देश की सेवा” एवढंच म्हणाले. आता सरकारी बँकेच्या कर्ज विभागातली नोकरी म्हणजे देशसेवा नव्हे, असं मी तरी कोणत्या तोंडानं म्हणू? पलीकडच्याच टेबलावर मी बसायचो.

तरुणपणी ते भरतीला गेले होते. धावले, उंची भरली, छाती भरली आणि शेवटी डॉक्टरनं तळपाय सपाट म्हणून घरी पाठवलं. भावकीत घरटी एक फौजी आणि हे मात्र गृहकर्ज वाटत लखनऊला. हे दुःख खरं आहे, त्याला मी कधी हसलो नाही. पण त्यावर त्यांनी जो उपाय शोधला, त्याला न हसणं मला जमलेलं नाही.

उपाय म्हणजे अपाची. लढाऊ हेलिकॉप्टरची हुबेहूब धातूची प्रतिकृती, मूळच्या बहात्तर पट लहान, वीतभर लांबीची. गर्द हिरवा रंग, पंखांखाली काडीएवढी क्षेपणास्त्रं, शेपटीवर मुंगीएवढी अक्षरं. काचेच्या कपाटात तिची जागा गणपतीच्या वर. तिचा खोकासुद्धा बोंद्रेंनी जपून ठेवलाय, कारण खोक्याशिवाय संग्राहक म्हणवता येत नाही म्हणे. कुणी हात लावायचा नाही. शेजारच्या त्रिपाठींनी एकदा “इसमें सेल पड़ता है क्या?” असं विचारलं, तेव्हापासून त्यांना त्या घरात चहा मिळालेला नाही.

पाहुणा बसला की व्याख्यान सुरू. तोफ कशी फिरते, रडार कसं चुकवतं, गोळ्या अंगावर घेऊनही कसं उडत राहतं. आणि शेवटी एक सुस्कारा टाकून, “आजकाल लोकांना पोरं एसीत बसलेली हवीत हो. सीमेवर कोण जाणार?” ऐकणाऱ्याला उगीच अपराधी वाटायचं.

त्यांची एकुलती एक जुई हे व्याख्यान ऐकतच मोठी झाली. पोरगी लखनऊची, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. इंजिनिअर झाली, हवाई दलाची परीक्षा दिली, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी पार करून हेलिकॉप्टर चालवायचं स्वप्न घेऊन बसली. पाय आईवर गेलेत, चांगले कमानदार. तिच्या निवडीचं आईला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, फक्त कर्नल साहबांना ठाऊक नव्हतं. कारण तिनं एकदा आडून विषय काढला, तर ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले होते, “मुलींना बँक बरी. संध्याकाळी घरी.”

तिला सही नको होती, पैसे नको होते. वडिलांच्या तोंडून एक होकार हवा होता. चोरून जायचं नाही आणि भांडूनही जायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. दसऱ्यानंतरच्याच आठवड्यात अकादमीत हजर व्हायचं होतं. खंडेनवमीला छावणीतले मेजर संग्राम शितोळे जेवायला येणार होते. तेव्हाच विचारायचं, वर्दीवाल्यासमोर पापा नाही म्हणू शकणार नाहीत, असा तिचा हिशेब.

बोंद्रेंचा हिशेब वेगळाच होता. आदल्या दिवशी त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या विनीतावहिनींना, फर्मान सोडलं, “या वर्षी शस्त्रपूजेत अपाची मांडायची. मेजर येणार आहेत. सगळं लखलखीत पाहिजे.”

वहिनी आज्ञाधारक. पूजेतली वस्तू आणि धातूची, म्हणजे ती कशी लखलखीत करतात हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. समई, ताम्हण, पळी, घंटा आणि अपाची, सगळं एकत्र चिंचेच्या कोळात भिजत पडलं. मग मीठ आणि तारेची घासणी. हिरवा रंग गेला, अक्षरं गेली, दोन क्षेपणास्त्रं मोरीत गेली. खंडेनवमीच्या दुपारी मी गेलो तेव्हा पाटावर विळी, कात्री, स्कूटरची किल्ली, जुईचा लॅपटॉप आणि मधोमध झेंडूची माळ घातलेलं पांढरंशुभ्र हेलिकॉप्टर झळकत होतं.

बोंद्रेंच्या त्या सपाट तळपायाची आग मस्तकात गेली. “अगं, हे काय केलंस!”

“पूजेत न घासता कसं ठेवायचं?” वहिनी म्हणाल्या. “आणि घासल्यावर बघा तरी किती छान निघालंय.”

तेवढ्यात मेजर आले. बूट काढले, हात जोडले आणि पाटाकडे बघून अतिशय आदरानं म्हणाले, “वा सर! चांदीचं? निवृत्तीला बँकेनं दिलं वाटतं.”

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. दुसरा इलाज नव्हता.

बोंद्रे तरीही सावरले. रंगाचा विषय टाळून त्यांनी तोफेपासून सुरुवात केली. ते सीमेपर्यंत पोचले, सुस्कारा टाकला आणि जुईनं तो धागा पकडला.

“पापा, मैं जाना चाहती हूँ. एयर फोर्स में मेरा सिलेक्शन हो गया है. हेलिकॉप्टर उड़ाना है मुझे.”

मेजर उभे राहून “अभिनंदन!” म्हणाले. बोंद्रेंच्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्यभर जे ऐकायची इच्छा होती ते घरातूनच ऐकू आलं, तर माणूस मिशीला पीळ भरेल की नाही? हे मात्र खुर्चीत बसले आणि म्हणाले, “पण... हेलिकॉप्टर पडतात गं.”

गोळ्या अंगावर घेऊन उडणारं यंत्र एका क्षणात पडायला लागलं होतं.

मग त्यांनी मेजरना विचारलं, तेही हळू आवाजात, “आतून उडी मारायची सोय असते ना? विमानात खुर्ची बाहेर फेकली जाते, तशी?”

“नसते, सर,” मेजर म्हणाले. “खाली उतरवायचंच शिकवतात. बंद पडलं तरी उतरवायला शिकवतात.”

बोंद्रेंनी पाटावरून हेलिकॉप्टर उचललं, माळ बाजूला केली. चिंचेनं त्याची काचही स्वच्छ निघाली होती. चष्मा कपाळावर सरकवून ते आत बघत राहिले. आत तांदळाएवढी दोन माणसं होती, एकापाठी एक. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांनी ती पहिल्यांदाच बघितली.

“माणसं आहेत यात,” ते म्हणाले. हसण्याची माझी सगळी हौस तिथे संपली.

जुई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. तिचाही धीर आता सुटत आला होता. “बोलिए ना पापा. मैं जाऊँ?”

त्यांनी हेलिकॉप्टर पाटावर ठेवलं. नाक ओढलं, मिशी पुसली. वहिनी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

“जाते म्हणू नये बाळा,” बोंद्रे म्हणाले. “येते म्हणावं.”

जुईनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

“येते, पापा.”