आईने पाहिलेले कार पार्क

माझ्या आईने ब्रिटनमध्ये जे काही पाहिलं, ते बहुतेक कार पार्कमधून. एडिनबराचा किल्ला खालच्या बाकावरून, समुद्राकाठचे कडे गाडीच्या काचेतून. प्रत्येक ठिकाणी वाक्य एकच: "तुम्ही जाऊन या. मी बॅगा सांभाळते." आम्हीही दरवेळी जाऊन येत होतो. घरातलं वडीलधारं माणूस खाली बसतं आणि बाकीचे वर जातात, हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण कुणी मोडलंही नव्हतं.

मागच्या खेपेला हॅरोला आमच्या घरी आली होती तेव्हा दुपारी टीव्हीवर एक कार्यक्रम बघत बसायची. इंग्लिश जोडपी इटलीतल्या डोंगरावरच्या जुन्या गावांमध्ये घर शोधत फिरतात, तो. बोलणं तिला अर्धंच कळे. "तो मधला चौक बघ," म्हणायची. "सगळ्या गल्ल्या तिथेच येतात. छान बसले असतील ना लोक." यंदा तिकीट काढताना नाशिकहून फोनवर म्हणाली, "हे शेवटचं हं. गुडघे ऐकत नाहीत आता." ऑपरेशनचं नाव काढलं की ती विषय बदलते. डॉक्टर शोधून झाले, तारखा मागून झाल्या, भांडूनही झालं. मग मी ठरवलं, निदान तो एक चौक तिला दाखवायचा. तिच्या स्वतःच्या डोळ्यांनी.

यादी करणं मला जमतं. सर्जरीत, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, मी दिवसभर तेच करते, इतरांच्या अपॉइंटमेंट जुळवते. इटलीसाठीचा शेंगेन व्हिसा तिला भारतातूनच काढायला लावला. फ्लॉरेन्समध्ये दोन खोल्या, भाड्याची गाडी, एका दिवसात तीन गावं. प्रत्येक गावापुढे कार पार्क, टॉयलेट, बाक, आणि चौकापर्यंतचं अंतर. सगळीकडे चारशे मीटरच्या आत. हॅरोच्या पार्कात रोज सकाळी तिला फेऱ्या मारायला लावल्या. चारशे मीटर ती न थांबता चालायची. मी मोजलं होतं.

पहिल्या गावाच्या तटाखाली गाडी लावली आणि मी वर बघितलं. चारशे मीटर होते, पण उभे. नकाशात मी अंतर पाहिलं होतं, चढ पाहिलाच नव्हता. आम्ही राहतो त्या हॅरोच्या स्टेशनच्या नावातसुद्धा 'हिल', म्हणजे टेकडी आहे, आणि तरी चढाचा रकाना मी केला नव्हता.

"व्हीलचेअर काढू का?" नवऱ्याने विचारलं. घडीची खुर्ची भाड्याने घेऊन ठेवली होती. ती यादीत होती.

"मी काय पेशंट आहे?" आई म्हणाली. पण बसली. दगडी फरसबंदीवर दहा पावलं गेलो असू. पुढची छोटी चाकं फटींत अडकत होती, नवरा घामाघूम होऊन ढकलत होता, आणि आई दोन्ही हातांनी खुर्ची धरून ओरडत होती, "अहो, थांबा थांबा, कवळी पडेल माझी!" सगळे हसलो. ती सगळ्यांत जास्त हसली. मग उतरून बाकावर बसली. "तुम्ही जाऊन या."

आम्ही गेलो आणि अकरा मिनिटांत परत आलो. काय पाहिलं ते मला आज सांगता येणार नाही.

दुसऱ्या गावात डोंगराच्या पोटातून वर जाणारी लिफ्ट होती. मी साइटवर दोनदा खात्री केली होती. लिफ्टच्या दारावर कागद चिकटवलेला. माझ्या सतरा वर्षांच्या मुलीने त्यावर फोन धरून वाचलं, "दुरुस्तीसाठी बंद." तिथल्या कठड्यावर बसून आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. आई म्हणाली, "इथूनही छान दिसतंय की." समोर पर्यटकांच्या बस उभ्या होत्या.

तिसऱ्या गावात नवऱ्याने पोलिसापुढे हातवारे केले, स्वतःचा गुडघा दाखवला, आईकडे बोट केलं. पोलिसाने वेशीपर्यंत गाडी नेऊ दिली. तिथून फक्त दीडशे मीटर. नवरा गाडी लावायला परत खाली गेला आणि आम्ही तिघी निघालो. गल्लीत भिंतीला लोखंडी कठडा होता. आईने एका हाताने तो धरला, दुसऱ्या हाताने नातीला. वीस पावलं, थांबा. पंधरा पावलं, थांबा. मग दहा. मी मागून चालत होते, हात पुढे करून, जणू ती पडली तर मी झेलणारच होते.

एका घराच्या पायरीवर ती बसली. गुडघ्यावर हात ठेवून, डोळे मिटून.

"आजी, तुझा पाय खूप दुखते का?" मुलीने तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं. "बघ ना, तिथेच आहे चौक. दिसते."

खरंच दिसत होता. गल्लीच्या टोकाला ऊन, एका छत्रीची कड, दोन खुर्च्या. पायरीवरून मात्र दिसत नव्हता, गल्ली वळलेली होती.

"तुम्ही जाऊन या," आई म्हणाली.

मुलीला मी पुढे पाठवलं आणि आईशेजारी पायरीवर बसले.

"तू का बसलीस?"

"मला नाही जायचं. तुला दाखवायला आणलं होतं. मी एकटी बघून काय करू?"

"अगं वेडे," ती चिडली, "मग मी सकाळपासून बसते आहे ती कशाला? तुम्ही बघावं म्हणूनच ना? तूही बसलीस तर माझं बसणं फुकट."

मी उठले, चौकात गेले, मोबाइलवर सात-आठ फोटो काढले, परत आले. तिने फोन हातातही घेतला नाही.

"सांग. कसं आहे?"

"मध्ये विहीर आहे. तेराव्या शतकातली. बुरूज—"

"ते पुस्तकातलं नको. कोण होतं तिथे? इथल्या म्हाताऱ्या बायका कुठे बसतात? की त्याही घरातच?"

मला माहीत नव्हतं. मी तिथे उभी होते, आणि पाहिलं नव्हतं.

"जा परत," ती म्हणाली. "नीट बघून ये. घाई करू नकोस, मी कुठे जाते?"

मी फोन तिच्याकडे ठेवला आणि पुन्हा गेले. सावलीच्या बाजूला तीन म्हाताऱ्या होत्या. घरातल्या खुर्च्या दाराबाहेर काढून बसलेल्या. एक शेंगा सोलत होती, दोघी नुसत्या बसल्या होत्या. मुलगी विहिरीच्या काठावर बसून आइस्क्रीम खात होती. मी पाच मिनिटं उभी राहिले. नंतर खाली येऊन सगळं सांगितलं.

"खुर्च्या लाकडी की प्लॅस्टिकच्या?"

"एक लाकडी. दोन प्लॅस्टिकच्या."

"गप्पा मारत होत्या?"

"नाही. बघत होत्या नुसत्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे."

"हं." तिचं समाधान झालं की नाही, मला कळलं नाही. तिने दोन्ही हात पुढे केले. "चल, उठव मला."

मी पाय रोवून तिला ओढलं. ती अर्धी उठली आणि पुन्हा बसली.

"थांब जरा," ती म्हणाली.

मी तिचे हात तसेच धरून उभी राहिले.