सुईचं टोक

"केस सोड."

फ्लोअर इनचार्ज साहेब माझ्याकडं न बघताच म्हणाले. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला. लाइनमधल्या सगळ्या मशीन त्यांनी थांबवल्या होत्या, त्यामुळं ते दोन शब्द शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेले.

"तुलाच सांगतोय. अंबाडा सोड. टोक केसात पडलं असंल."

मी पन्नाशीची बाई. त्यांच्या आईच्या वयाची. आदल्या आठवड्यापर्यंत ते मला मावशी म्हणायचे. मी अंबाडा सोडला. हात लागू नये म्हणून त्यांनी कापड मोजायची पट्टी घेतली आणि माझ्या केसांतून फिरवली. मग ॲप्रन झटकायला लावला. मग पदर. मग चपला. चाळीस बाया बघत होत्या. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमच्या वस्तीतल्या बायांच्या हातात सुई दिली हीच चूक," ते म्हणाले. "झाडूच बरा होता."

झालं होतं एवढंच, की माझ्या मशीनची सुई तुटली होती.

आमचा कारखाना चितेगावला आहे. तान्ह्या मुलींचे फ्रॉक शिवतो, ते बाहेरच्या देशात जातात. तिकडच्या माल घेणाऱ्या पार्टीचा एक नियम आहे. सुई तुटली की तिचे सगळे तुकडे शोधायचे, रजिस्टरच्या पानावर चिकटपट्टीनं चिकटवायचे, सुई पूर्ण जुळली की खाली सही करायची. मग नवी सुई मिळते. एखादा तुकडा सापडला नाही, तर सगळा गठ्ठा लोखंड पकडणाऱ्या मशीनमधून काढायचा. नियम चांगला आहे. फ्रॉक घालणाऱ्या पोरीला टोचतंय हे सांगता येत नाही.

पण ते मशीन महिन्यापासून बंद होतं. दुरुस्तीला माणूस येणार, येणार, असं चाललं होतं.

म्हणून आम्ही एक करायचो. गल्लीतल्या शिंप्याकडून मोडक्या सुयांची टोकं आणायची, साबणाच्या वडीत खोचून मशीनखाली ठेवायची. तुकडा नाही सापडला, की त्यातलं एक पानावर चिकटवायचं. सुई जुळते, सही होते, लाइन थांबत नाही. मी हे चारदा केलंय. चारही वेळा खरं टोक कुठं गेलं, मला माहीत नाही. फ्रॉकमध्येच गेलं असेल. हे लिहायला बरं वाटत नाही, पण माझंच आहे, मीच लिहायला हवं.

त्या दिवशी सुई तुटली तेव्हा साहेब माझ्या पाठीमागंच उभे होते. साबणाकडं हात नेता आला नाही. दोन तुकडे मिळाले. टोक नाही.

झडती संपली. टोक केसात नव्हतं, पदरात नव्हतं. साहेबांनी रजिस्टर माझ्यापुढं टाकलं आणि आवाज खाली आणला.

"आता साबणातलं एक काढ अन् चिकटव. मला काय ठावं नाय व्हय?"

मी मान वर केली. त्यांना माहीत होतं. सगळं, पहिल्यापासून. मग केस कशाला सोडायला लावले? पट्टी कशाला फिरवली? टोक त्यांना नकोच होतं. चाळीस बायांनी बघावं, एवढंच हवं होतं.

"संध्याकाळी गाडी निघणार हाय," ते पुन्हा मोठ्यानं म्हणाले. "माल अडला तर पुढची ऑर्डर बांगलादेशला. मग ह्या सगळ्यांच्या घरी तूच जाऊन सांग."

शेजारच्या मशीनवर शबाना बसते. हर्सूलहून आम्ही एकाच बसनं येतो, सात वर्षं झाली. ती मान खाली घालून पुटपुटली, "चिपका देव ना आपा. सब की नौकरी जाती."

मी साबणाकडं हात नेला, हे खरं आहे. भीती खरी होती. मागच्या वर्षी बिडकीनच्या रस्त्यावरचा एक कारखाना असाच बंद पडला. ऑर्डर बांगलादेशला गेली म्हणाले. तिथल्या बाया आता मंगल कार्यालयात ताटं घासतात. आणि मला चष्म्याशिवाय दोरा ओवता येत नाही. शबाना ओवून देते, म्हणून कुणाला कळत नाही. दुसरीकडं गेले तर पहिल्याच दिवशी कळेल.

साबण हातात आला. त्यात सात टोकं होती. मला तिकडची, बांगलादेशातली बाई आठवली. बघितलेली नाही, तरी आठवली. तिलाही कुणी म्हणत असेल, सही कर, नाहीतर ऑर्डर इंडियाला जाईल. आमच्या नावानं तिला भिववत असतील, तिच्या नावानं आम्हाला. आणि उद्या फ्रॉकमध्ये टोक निघालं, तर ऑर्डर जाईलच. पानावर साहेबांचं नाव नसेल. माझं असेल.

माझी आई कापसाच्या जिनिंगमध्ये झाडायची. सरकी, कचरा, सगळं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती सांगतील तिथं अंगठा द्यायची. मला तिनं दहावीपर्यंत शिकवलं.

मी साबण खाली ठेवला. पेन घेतलं. दोन तुकडे चिकटवले आणि पुढं लिहिलं, 'टोक सापडलं नाही.' सही केली. अक्षर वाकडं आलं.

"हे काय लिहिलंस?"

"झालं ते."

"उद्यापासून येऊ नको."

"तेबी ह्याच पानावर लिहून द्या साहेब. त्याच्याखालीबी सही करते."

त्यांनी लिहिलं नाही. रजिस्टरला पानांचे नंबर छापलेले असतात, पान फाडता येत नाही. माझा गठ्ठा, वीस पिवळे फ्रॉक, अडवलेल्या मालाच्या लाल क्रेटमध्ये गेला. संध्याकाळी गाडी तेवढे सोडून निघाली. ऑर्डर कुठं गेली नाही. अजून तरी.

मला मशीनवरून काढलंय. आता दिवसभर उभ्यानं धागे कापते. शबाना बसमध्ये दुसऱ्या सीटवर बसते. तिचा राग नाही, तिलाही घर आहे. सकाळी गेटवर कार्ड लावताना रोज वाटतं, आज दिवा हिरवा होणार नाही. होतो हिरवा. मी आत जाते आणि आधी लाल क्रेट बघते. गठ्ठा आहे का. वीस आहेत का. लोखंड पकडणारं मशीन अजून बंदच आहे.

साबण मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकला.

पुढच्या महिन्यात पार्टीचा माणूस फ्लोअर बघायला येणार आहे. तोवर गठ्ठा मशीनमधून निघाला तर ठीक. क्रेट रिकामं दिसलं आणि मशीन बंदच असलं, म्हणजे फ्रॉक न तपासताच गेले, तर मी लाइन सोडून त्याच्यापुढं जाईन आणि ते पान उघडीन. त्याची भाषा मला येत नाही. ओळीवर बोट ठेवता येतं. साहेब ओरडतील. ओरडू देत. बोट मी काढणार नाही.