पाणीपट्टीच्या फोल्डरमधली आई

माझ्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर मी बायकोची टिकली लावून ठेवली आहे. हल्ली कोण कुठून बघत असेल याचा नेम नाही, असं माझं मत आहे. निवृत्त माणूस बनियनवर बसून बातम्या वाचतो हे बघायला कुणाला वेळ आहे, असं बायकोचं मत आहे. परभणीत आमच्या गल्लीला माझी साखर किती, पेन्शन किती आणि माझं जावयाशी का बिनसलं, हे सगळं ठाऊक असतं. बँकेचा ओटीपी आला आणि चष्मा सापडला नाही, तर मी तो शेजाऱ्याकडून मोठ्यानं वाचून घेतो. पण टिकली मी काढलेली नाही. माणसाला काही तत्त्वं असावी लागतात.

बॅकअपच्या बाबतीतही माझी तत्त्वं पक्की आहेत. एक प्रत लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्याच्या घरी, म्हणजे आपल्या घराला आग लागली तरी निश्चिंत. क्लाउडवर मी काही ठेवत नाही. क्लाउड म्हणजे शेवटी परक्याचं घर. तिथं आपल्या आईला कशाला ठेवायचं?

कारण जपायचं असं माझ्याकडे एकच होतं. आईचा व्हिडिओ. ती बोलते आहे असा तो एकुलता एक. तिच्या शेवटच्या निवडणुकीत ती आमच्या गावी, वालूरला, मत देऊन आली आणि ओट्यावर टेकली, तेव्हा मी फोनवर घेतलेला. तो फोन पुढं शेतातल्या विहिरीत पडला, पण तोवर मी व्हिडिओ उतरवून घेतला होता. फोल्डरला नाव दिलं ‘पाणीपट्टी पावत्या’. आपल्या देशात त्या नावाच्या फोल्डरला कुणी हात लावणार नाही. तिसरी प्रत पेन ड्राइव्हवर घालून वालूरला थोरल्या भावाकडं दिली. त्यात पाणीपट्टीच्या पावत्या आहेत, एवढंच त्याला सांगितलं. आई गेली त्यानंतर तो व्हिडिओ मीही कधी उघडला नाही. धीरच झाला नाही.

पुढं भावाचं आणि माझं फाटलं. राजकारणात तो एका बाजूचा, मी दुसऱ्या बाजूचा. कोणती बाजू ते सांगत नाही, कारण ती अधूनमधून बदलते आणि भांडण मात्र तसंच राहतं. घराण्याच्या ग्रुपवर आमची रोज सकाळी जुंपायची. एकदा त्यानं टाकलं, ‘आईसुद्धा आमच्याच बाजूची होती.’ मी लिहिलं की आईनं मत आमच्या बाजूला दिलं होतं आणि माझ्याकडं पुरावा आहे. त्या दिवशी ओट्यावर ती माझ्याकडं बघून हसली होती, हे मला स्वच्छ आठवत होतं. त्यानं लिहिलं, ‘दाखव.’ दाखवायचा तर आधी बघावा लागणार. मी ग्रुप सोडला. तेव्हापासून बोलणं बंद. पुतण्याच्या लग्नात मी पहिल्या पंगतीला जेवलो आणि तो वाढायला आला तेव्हा ताटावर हात आडवा धरला. जिलबी होती. आजही वाईट वाटतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली हत्यारं-अवजारं पुजायची. बायकोनं पाटावर विळी, कात्री, शिलाई मशीनचं चाक आणि स्कूटरची चावी मांडली. शेजारी माझा लॅपटॉप, आणि लॅपटॉपवर हार्ड डिस्क. “घरातली सगळ्यात महत्त्वाची चीज हीच हाय म्हणून तुमीच सांगायलात ना वरीसभर?” तिनं विचारलं. मी खुश झालो. इतक्या वर्षांत तिनं माझं पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिनं सगळ्यांवर मनोभावे पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवले. नारळ मी फोडला. तो जरा जवळच फुटला.

दुरुस्तीवाल्यानं दोन्ही वस्तू उलट्या धरल्या. थेंब पडले. “पूजा केली का?” त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. “दसऱ्याच्या टायमाला असले लय येतेत,” तो म्हणाला. “ह्यातलं काय निघत न्हाई आता, काका.” मी दुकानाबाहेर आलो आणि रस्त्यावर उभ्याउभ्याच मला रडू आलं. समोरच्या पानवाल्यानं पाहिलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत गल्लीला कळणार होतं. कळू दे, म्हटलं.

आता आई फक्त वालूरला उरली होती.

सेलूपर्यंत एसटीनं गेलो, पुढं जीप. वाटेत वाक्यं जुळवली, त्यातलं एकही वापरावं लागलं नाही. भाऊ ओट्यावरच होता. मला बघून तो आत गेला. पाणी घेऊन बाहेर आला.

“ती पेन ड्राइव्ह हाय का, दादा?”

“पाणीपट्टीची? हाय की.” त्यानं हरभऱ्याच्या बियाण्याचा डबा उघडला, कोपरापर्यंत हात घातला आणि कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासकट ती बाहेर काढली. “बियाण्याला आमी जीवापाड जपतोय. तुह्या पावत्याबी त्यातच ठिवल्या.”

मी त्याला खरं सांगितलं. त्यानं धोतराच्या सोग्यानं ती पुसली आणि टीव्हीच्या मागं स्वतःच लावली.

पडद्यावर ओटा आला. आई आली. बोटाला शाई, हातात काठी, पदर डोक्यावर. माझा आवाज आला, “कोणाला दिलंस, आई?”

“बटन दाबलं.”

“कोणतं?” हा भावाचा आवाज. तोही तिथंच होता, हे मी विसरूनच गेलो होतो.

“जे दाबायचं ते.”

“आमाला तर सांग,” आम्ही दोघं एकदमच म्हणालो होतो.

आई हसली. माझ्याकडं बघून नाही. आधी त्याच्याकडं, मग माझ्याकडं, मग पुन्हा त्याच्याकडं. “तुमच्या बापानं जल्मभर इचारलं, त्याला सांगितलं न्हाई. तुमाला काहून सांगू? ते ज्याचं त्याच्याजवळ ऱ्हाऊ द्यावं. ऊन लय झालंय, चला, भाकरी खा दोघंबी.”

मग ती काठी टेकत उठली आणि चित्र थांबलं.

आत चुलीवर तवा चढल्याचा आवाज आला.

“कोणाला दिलं असंल?” मी म्हणालो.

“मरू दे ते,” भाऊ म्हणाला. “ते भाकरी खा म्हणायली ना, तिथून परत लाव.”