पेटी मी सुरात आणली

गाडीच्या ब्रेकचा कर्कश आवाज मोजणं हे माझं काम. स्टुटगार्टात राहून मी वर्षानुवर्षं तेवढंच केलंय, त्यामुळे आवाजातलं आपल्याला फार कळतं अशी माझी ठाम समजूत होती. ती कशी गेली ते सांगतो.

आमची मराठी उपासना महिन्यातून एकदा, एका जर्मन चर्चच्या हॉलमध्ये व्हायची. माणसं तीसेक, गट दोन. एकाचे पुढारी माझे सासरे. ते दर उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर नगरहून यायचे आणि वडिलांची जुनी पेटी वाजवून गायचे. पेटी आमच्याकडेच कपाटावर असायची. सासूबाई गेल्यापासून त्यांचं बोलणं आटलं होतं. गाणं तेवढं उरलं होतं. "पेटी आहे म्हणून येतो," ते म्हणायचे, "नाहीतर तुमच्या देशात माझं काय काम?"

दुसरा गट पीएचडी करणाऱ्या पोरांचा. गिटार, ड्रम, भिंतीवर प्रोजेक्टर.

"काका, तुमच्या चालीत आमेनच्या आधीच डोळा लागतो."

"आणि तुमच्या चालीत देव कानात बोटं घालून बसतो."

ह्या चिमट्यांवर भागलं असतं. पण पेटी गिटारपेक्षा किंचित चढी. दोन्ही एकत्र वाजली की मला रविवारीही ऑफिसात आल्यासारखं वाटे. सासरे म्हणाले, "मग पिळा की तुमच्या तारा थोड्या." पोरं म्हणाली, सगळ्या जगाचा सूर एक आहे, पेटीने खाली यावं. कोणीच हललं नाही. शेवटी एक गीत ह्यांचं, एक त्यांचं असं ठरलं. ह्यांच्या गीताला ते मोबाइल बघत, त्यांच्या गीताला हे छत.

सासरे परत गेले आणि त्या हिवाळ्यात माझ्यातला इंजिनियर जागा झाला. पेटी उघडली. आत पितळी पट्ट्यांची रांग. पट्टी मुळाशी घासली की सूर उतरतो, हे मी एका व्हिडिओत पाहिलं. बारीक कानस आणली, मोबाइलवर सूर मोजायचं अ‍ॅप घेतलं आणि एकेक पट्टी व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला लावून वाजवू लागलो.

"अहो, पप्पांना विचारलंत का?" बायकोने दारातून विचारलं.

"सरप्राइज आहे."

"पेटी आहे ती. ब्रेक नाही."

चार शनिवार घासलं. शेवटी प्रत्येक सुराला अ‍ॅपवर हिरवा दिवा लागला. उन्हाळ्यात दोन्ही गट एकत्र गाताहेत आणि सासरे भर सभेत माझी पाठ थोपटताहेत, असं चित्र मी मनात रंगवून ठेवलं होतं.

जूनमध्ये सासरे आले. पहिल्या उपासनेला मांडी घालून बसले, भात्याचा पट्टा सोडला, एक सूर धरला. थांबले. दुसरा धरला. मग गायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"ही कोणाची पेटी?"

मी सांगितलं. कौतुकाने सांगितलं, हे आता लिहितानाही घाम फुटतो.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "माझ्या वडिलांनी ही त्यांच्या गळ्याला लावून घेतली होती, जावईबापू," एवढंच म्हणाले. "मी तिच्यावरच गायला शिकलो." पट्टा बांधला आणि मागच्या रांगेत जाऊन बसले.

गिटारवाला पोरगा माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता. "दादा, काकांच्या सुराला गिटार लावायला दोन मिनिटं लागली असती. आम्ही नुसते हट्टाला पेटलो होतो."

दोन मिनिटं! मी चार शनिवार घातले होते. आणि घासलेलं पितळ परत येत नाही, हे इंजिनियरला कोणी सांगायला नको.

त्या उन्हाळ्यात ते प्रत्येक उपासनेला आले. एकदाही गायले नाहीत, पोरांनी हात जोडले तरी नाहीत. त्यांचं पाहून बाकीची वडीलधारी मंडळीही ओठ मिटून बसू लागली. आता गिटार एकटीच वाजते. भांडण संपलंय.

परवा फोनवर म्हटलं, "पप्पा, व्हिसाचं बघू का? या ना उन्हाळ्यात."

"हवा कशी आहे तिकडे?" त्यांनी विचारलं.

मी हवेचं सांगत बसलो.