वैशालीच्या धंद्याची मालकीण कोण?

"…गेमेंट म्हणे वैशालीला सगळ्या ऑफिसांच्या जेवणाचं काम देणार, पण…"

एवढं ऐकलं, गेमेंट म्हणजे इथली डच नगरपालिका, आणि स्लोटरडाइक स्टेशन आलं! मागच्या बाकावरच्या दोघी मराठी मुली पटापट उतरून गेल्या आणि 'पण'च्या पुढचं सगळं सोबत घेऊन गेल्या.

तुम्हाला वाटेल, अर्ध्या वाक्यावर बाई गप्प बसली असेल. मी? अहो, त्या अर्ध्या वाक्यावर मी असा गोंधळ घालून ठेवलाय, की आठवलं तरी अजून कान गरम होतात!

वैशाली म्हणजे माझी आल्मेरेतली शेजारीण. भिंतीला भिंत लागून घर. पुण्यात बँकेत होती. नवऱ्याच्या, निखिलच्या नोकरीपायी इथं आली आणि दोन वर्षं नुसती खिडकीशी बसून काढली बिचारीनं. मग गराजात स्वयंपाकघर थाटलं, रीतसर धंदा नोंदवला, डबे सुरू केले. "काकू, या देशात हे एकच माझं स्वतःचं आहे," म्हणायची. हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, तिथंच घात झाला!

ट्रेनमधून उतरले ती थेट तिच्या दारात.

"काय गं, एवढी मोठी बातमी आणि काकूला पत्ता नाही?"

"अहो काकू, अजून काहीच ठरलं नाही! परदेशातून आलेल्यांच्या धंद्यांसाठी गेमेंटनं थोडं काम राखून ठेवलंय. त्याला सर्टिफिकेट लागतं. गुरुवारी त्यांची एक बाई तपासायला येणारे. प्लीज, कुणाला बोलू नका."

"मी कशाला बोलू!"

गुरुवारपर्यंत आल्मेरेतल्या सगळ्या मराठी घरांत बातमी पोचली होती. माझ्या हूफडॉर्पच्या भाचीचा तर वैशालीला अभिनंदनाचा फोनसुद्धा आला!

आता मला सांगा, नगरपालिकेचं माणूस घरी येणार आणि एकटी पोर त्याच्यासमोर उभी राहणार? घरात कुणी मोठं माणूस नको? ठेवणीतली साडी नेसले, कोथिंबीर वड्यांचा डबा घेतला आणि मागच्या दारानं हजर झाले. वैशाली वर केस विंचरत होती. तेवढ्यात बेल वाजली. मग दार कोण उघडणार?

दारात ही उंचच्या उंच बाई, सायकल कुंपणाला टेकवलेली.

"तुम्ही मेव्राउ वैशाली?" इथं बाईमाणसाला मेव्राउ म्हणतात.

"मी शेजारीण! पण घरचीच समजा. या, या!"

माझं डच बाजारातलं. पण बाजारात मला आजवर कुणी हरवलेलं नाही! धरलंच बाईंना, नेलं गराजात.

"छान आहे मिक्सर," बाई म्हणाल्या.

"माझाच!"

"आणि हे मसाले?"

"माझ्या हातचे!"

"धंद्यात पैसे कुणी घातले?"

"नवऱ्यानं! सोन्यासारखा नवरा आहे, बाई!"

बाईंच्या भुवया वर गेल्या. मला वाटलं, खूश झाल्या! मग काय, मी पोरीचं वळण सांगायला घेतलं. "आमच्यात मोठ्यांना विचारल्याशिवाय काही करत नाहीत. मीठ किती घालू, भाव किती लावू, सगळं मला विचारते!"

खरं सांगू? तिनं मला आयुष्यात एकदाच विचारलं होतं, मीठ कुठल्या दुकानात चांगलं मिळतं ते. पण आपल्या माणसाचं कौतुक कुणी मोजूनमापून करतं का?

वैशाली खाली आली, तर बाईंचा चेहरा दगडासारखा.

"हे सर्टिफिकेट, मेव्राउ, जिचा धंदा तिलाच मिळतं. पैसे नवऱ्याचे, मसाले शेजारणीचे, भाव शेजारणीनं ठरवलेला. मग तुमचं काय? नुसतं नाव? नावापुरते मालक पुढं करणारे आम्हाला पुष्कळ भेटतात."

वैशालीचा चेहरा पांढराफटक. कौतुक करता करता मी पोरीचा धंदाच काढून घेतला होता की!

"सांगा," बाईंनी तिला विचारलं, "भाव कोण ठरवतं?"

"तीच ठरवते!" मीच ओरडले. "वैशाली, सांग ना गं, तूच ठरवतेस म्हणून! अशी गप्प काय उभी? थांब, मीच सांगते…"

"काकू!!"

ओट्यावरचा डाव उचलून असा आपटला तिनं की वड्यांचा डबा उडाला.

"मिक्सर माझा आहे! तुमचा मी दिवाळीतच परत केला, तुमच्याच माळ्यावर पडलाय! मसाला तुमचा पहिल्याच आठवड्यात बंद केला, लोकांच्या डोळ्यांतून पाणी यायचं! पैसे माझ्या पुण्याच्या पगारातले आहेत, निखिलचा एक सेंट नाही! हे माझं स्वयंपाकघर आहे आणि तुम्ही आत्ताच्या आत्ता बाहेर व्हा!"

सगळं शुद्ध मराठीत! बाईंना त्यातलं अक्षर कळलं नसणार. पण दाराकडे रोखलेलं ते बोट आणि डबा छातीशी धरून, निऱ्या सावरत पळणारी मी, एवढं त्यांनी नीट पाहिलं.

मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले. घरी कशी जाणार? ऐकायला नको? आतून बाईंचं मोठ्ठं हसू आलं.

"कळलं, मालकीण कोण ते! बसा. आता हिशेब दाखवा."

मग तासभर खोदून खोदून विचारलं आणि पोरीनं एकेक उत्तर ठणठणीत दिलं.

सर्टिफिकेट मिळालं! संध्याकाळी पहिली गरम पुरणपोळी घेऊन वैशाली माझ्या दारात. "काकू, जास्त बोलले का हो?"

"मसाला खरंच तिखट होता?" मी विचारलं.

"भयंकर!"

आणि काम? सगळी ऑफिसं वगैरे काही नाही. आमच्या वस्तीतल्या छोट्या सभागृहात बुधवारचं दुपारचं जेवण, तेवढंच. ट्रेनमधल्या त्या 'पण'च्या पुढं हे होतं!

तरी मी अजून सगळ्यांना सांगते, वैशालीला ते काम माझ्यामुळे मिळालं. आणि यात खोटं काय आहे? मला हाकललं म्हणून मिळालं, एवढंच फक्त सांगत नाही.